नणंदेचं लेकरू

जयवंता बाळंत होऊन तेवीस दिवस झाले होते, त्या दिवशी तिची नणंद आकांक्षा अमरावतीच्या दवाखान्यात वारली.

मी शकुन, वलगावात अंगणवाडी सेविका आहे. दोघींचीही नावं माझ्याच रजिस्टरात होती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून त्या साली पार्बताबाईंच्या घरात एक आली आणि एक गेली. सून जयवंता शेंदूरजनाघाटला आपल्या माहेरी गेली आणि लेक आकांक्षा तेल्हाऱ्याहून वलगावला आली. जयवंताला मुलगी झाली. मग आकांक्षाच्या कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, पण रक्त काही केल्या थांबेना. पाच बाटल्या रक्त चढवलं. सकाळी सात वाजता झालेल्या लेकराचं तोंड तिनं एकदा पाहिलं आणि दुपारी चारला ती गेली. वय बावीस.

जयवंताला कोणी सांगितलंच नाही. ओल्या बाळंतिणीला धक्का बसला तर दूध आटते, अशी सगळ्यांना भीती. तिचा नवरा जीवन रोज फोन करायचा, पोरीची चौकशी करायचा आणि बहिणीचं नाव निघालं की म्हणायचा, "झोपली हाय थे." दहाव्या दिवशी जयवंतानं मोबाइल उघडला, तर कोण्या दूरच्या दिराच्या स्टेटसवर आकांक्षाचा लग्नातला फोटो होता आणि खाली श्रद्धांजली लिहिलेली होती.

ती रडली, पण थोडाच वेळ. मग तिनं आईला विचारलं, "लेकरू कुठी हाय?"

"वलगावलेच हाय. कालच काचेच्या पेटीतून घरी आणलं म्हणते."

"मंग मी जातो."

तिची आई रुख्मिणी दारात आडवी उभी राहिली. "सव्वा महिना झाला नाही तुले. ऊन पाह्य कसं पडून राह्यलं. आन् तुह्यं लेकरू केवढंसं हाय!"

"त्याची तं माय बी नाही," जयवंता म्हणाली.

तिचे वडील किसनराव उठले. ते संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे पिकअप चालवायचे. त्यांनी गाडीतल्या रिकाम्या कॅरेट उतरवल्या, पुढच्या सीटवर गोधडी टाकली, काचेला ओला टॉवेल लावला आणि लेकीला, नातीला घेऊन निघाले.

ती आली तेव्हा मी तिथंच होते. पार्बताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर ते पोरगं, पावणेदोन किलोचं, कातडी सैल, कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या. डब्याचं दूध चोचीच्या वाटीनं पाजत होत्या आणि ते अर्धं ओकत होतं. जयवंतानं कोणाच्याच गळ्यात पडून रडारड केली नाही. हातपाय धुतले, आपली पोरगी वडिलांच्या हातात दिली आणि सासूसमोर बसून म्हणाली, "आई, द्या त्याले माह्याजोळ."

तिला कोणीच विचारलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं त्यात लोक म्हणाले, आम्ही कुठं म्हटलं होतं तिला.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं तिचे गरोदरपणातले सगळे रिपोर्ट पाहिले आणि पाजायला हो म्हटलं. पण पोराला ओढताच येईना. नऊ दिवस नळीनं आणि वाटीनं पिलेलं लेकरू, त्याला छाती काय ते माहीतच नव्हतं. तोंडाशी धरलं की मान फिरवायचं आणि बारीक आवाजात रडायचं. जयवंता दूध हातानं वाटीत काढायची, पाजायची आणि मग त्याला उघड्या अंगाशी धरून वरून लुगडं पांघरून बसायची. तीन दिवस असे गेले. मी रोज जायचे, कसं धरायचं ते दाखवायचे. खरं सांगायचं तर माझीही आशा सुटत चालली होती. चौथ्या दिवशी दुपारी ती बसल्या जागी पेंगली होती, तेव्हा त्यानं आपोआप तोंड लावलं. तिचे डोळे उघडले. तिनं मला हातानंच खूण केली, बोलू नका म्हणून. पार्बताबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि पदर तोंडात धरून लेक गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

पोराचं नाव हिमांशू ठेवलं, पोरीचं कस्तुरी.

डावी बाजू हिमांशूची, उजवी कस्तुरीची, असं ठरून गेलं. ठरवलं कोणी नव्हतं, त्याला डावीकडूनच जमायचं म्हणून तसं झालं. पार्बताबाईंनी घरातलं आणि वावरातलं सगळं काम अंगावर घेतलं. त्यांचं दोन एकराचं भाजीपाल्याचं वावर, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पत्ताकोबी, वांगी. पहाटे माल काढून जीवन अमरावतीच्या बाजारात न्यायचा. पार्बताबाई घरी येऊन सुनेसाठी अळीवाची खीर करायच्या, शेपूची भाजी करायच्या आणि ती दोन घास कमी जेवली की ओरडायच्या, "दोघायले पाजतं तू, एकटीचं खाऊन कसं भागन?"

मी दर महिन्याला दोघांचं वजन करायचे. हिमांशूचा आलेख वर चढत गेला. दोन महिन्यांत त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या. कस्तुरीचा मात्र चौथ्या महिन्यापासून आडवा झाला. ती आजारी नव्हती, फक्त वाढत नव्हती. जन्मतः तीन किलोची गुटगुटीत पोरगी, ती आता भावापेक्षा हलकी भरू लागली.

कारण मला दिसत होतं. दोघं एकाच वेळी रडले की जयवंता आधी त्याला घ्यायची. डावीकडचं संपलं की उजवीकडूनही त्यालाच द्यायची. कस्तुरी बोट चोखत पडून राहायची.

एकदा जीवननं मला वाटेत थांबवलं. "शकुनताई, तुमीच सांगा हिले काही. पोट्टी आमची वाळून राह्यली. मी बोललो तं म्हणते, तुमची बहीण होती ना थे. मंग मी काय बोलू?"

मी जयवंताला म्हटलं, "आधी कस्तुरीला पाज. निदान सकाळच्या वेळी तरी."

ती हिमांशूच्या टाळूवर तेल जिरवत होती. मान खालीच ठेवून म्हणाली, "कस्तुरीची माय जिती हाय ताई. थे उद्या पेईन, परवा पेईन. याले कोण हाय?"

मी तेव्हा अजून जोर लावायला हवा होता. पण मला तिचा अभिमान वाटत होता, आणि खरं म्हणजे मलाही तिच्यामुळे मान मिळत होता. ऑगस्टमध्ये स्तनपान सप्ताह असतो. तालुक्याच्या कार्यक्रमात मी तिला घेऊन गेले. अधिकारी मॅडमनी तिला नारळ दिला, खणाची ओटी भरली, टाळ्या झाल्या. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. त्या फोटोत तिच्या मांडीवर हिमांशू आहे. कस्तुरीला त्या दिवशी जुलाब लागले होते म्हणून ती घरी होती. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे आणि मला तो पाहवत नाही.

सहाव्या महिन्यापासून वरचं अन्न सुरू झालं तशी कस्तुरी थोडी सावरली, पण जी मागं पडली ती पडलीच.

आकांक्षाचा नवरा धर्मेंद्र दर पंधरा दिवसांनी तेल्हाऱ्याहून यायचा. घरची कपाशी आणि एका कृषी केंद्रात नोकरी, असा साधा, कमी बोलणारा माणूस. ओसरीवर बसायचा, पोराला मांडीवर घ्यायचा, आणि पोरगं दोन मिनिटांत मामीकडे हात करायचं. तो हसून परत द्यायचा. एकदा जाताना तो जयवंताला म्हणाला, "वहिनी, मले कोणत्या तोंडानं तुमाले काही म्हणता येते?" तिला वाटलं, तो आभार मानतो आहे. नंतर तिला कळलं, त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी तेव्हा सुरू झाली होती.

लग्न झालं. मुलगी बाळापूरकडची, करिश्मा नावाची. हिमांशू अकरा महिन्यांचा झाला तेव्हा धर्मेंद्रचे वडील नत्थुजी स्वतः वलगावला आले. म्हातारा सभ्य होता. पार्बताबाईंसमोर हात जोडून बसला.

"तुमचे उपकार फिटणार नाहीत," ते म्हणाले. "पण पोराले त्याचं घर पाह्यजे. जितकं मोठं होईन तितकं जड जाईन, त्यालेबी आन् तुमालेबी. पहिला वाढदिवस आपल्या घरी व्हावा, एवढं वाटते."

पार्बताबाईंनी डोळे पुसले. "पोरगं तुमचंच हाय."

जीवनला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटत होती. हे त्यानंच मला सांगितलं.

जयवंता आत होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "त्याले माह्याबिगर झोप लागत नाही. मी सोबत येतो. आठ दिवस राहतो. सवय लावून देतो आन् येतो."

ती दोन्ही लेकरं घेऊन तेल्हाऱ्याला गेली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर, तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

करिश्मा एकवीस-बावीस वर्षांची होती आणि घाबरलेली होती. कोणाचंच मूल तिनं कधी सांभाळलं नव्हतं. तिनं पहिल्याच दिवशी जयवंताचे पाय धरले आणि म्हणाली, "वहिनी, मले सगळं शिकवा. मी करतो." जयवंतानं शिकवलं. त्याला पाठीवर थोपटलेलं आवडत नाही, तळपाय चोळले की तो निवतो. वरण-भातात तूप जास्त लागतं. आंघोळीच्या वेळी आधी पायावर पाणी टाकायचं, डोक्यावर एकदम टाकलं की दचकतो. करिश्मा प्रत्येक गोष्ट मान हलवून ऐकायची. तिचा राग यावा असं तिच्यात काहीच नव्हतं. "तिनं एखादं वाकडं बोलावं, असं मले वाटत होतं," जयवंता म्हणाली.

दिवसा पोरगं करिश्माजवळ रमायचं. झोपेची वेळ झाली की मात्र जयवंताच्या पदराशी यायचं. तिसऱ्या दिवशी ठरलं की तिनं त्याच्या नजरेसमोरच येऊ नये. अंगणापलीकडे कापूस ठेवायची खोली होती. जयवंता कस्तुरीला घेऊन त्या खोलीत बसली. करिश्मानं जयवंताची नेसून सोडलेली साडी गुंडाळली, वासानं तरी झोपेल म्हणून. पोरगं फसलं नाही. त्यानं साडीत तोंड घातलं, हुंगलं, वर पाहिलं आणि किंचाळलं.

पहिली दुपार गेली, दुसरी गेली. ते रडून रडून दमून झोपायचं. जयवंता खोलीत कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसायची. त्याचा आवाज आला की डावीकडून दूध आपोआप सुटायचं, ब्लाउज भिजायचा, पदराची घडी दाबून धरली तरी थांबायचं नाही. कस्तुरीला डावीकडे लावून पाहिलं, तर ती तोंडच लावेना. ती बाजू तिला कधी मिळालीच नव्हती.

तिसऱ्या दुपारी त्याचा आवाज बसला. रडणं ऐकू येईना, नुसती घरघर. जयवंता उठली, अंगण ओलांडलं आणि करिश्माच्या हातातून त्याला ओढूनच घेतलं. तिथंच जमिनीवर बसून पाजलं. पोरगं हुंदके देत देत पीत होतं आणि मुठीत तिचं मंगळसूत्र धरून होतं. करिश्मा भिंतीकडे तोंड करून रडू लागली. तीन दिवसांचं सगळं वाया गेलं होतं. नत्थुजी दारात आले, त्यांनी पाहिलं आणि परत फिरले.

संध्याकाळी धर्मेंद्र तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, उद्या सकाळी मी तुमाले गाडीत बसवून देतो."

"आठ दिवस म्हणलं होतं."

"तुमी इथं आहात तोवर थो माह्या घरचा होत नाही."

तो खरं बोलत होता. ती म्हणाली, "बरं."

सकाळी तिनं त्याला पोटभर पाजलं. मग करिश्मा त्याला घेऊन शेजारच्या गोठ्यात वासरू दाखवायला गेली. जयवंता कस्तुरीला कडेवर घेऊन मागच्या दारानं निघाली. तिनं त्याचा मुका घेतला नाही, कारण घेतला असता तर त्याला समजलं असतं. अकोल्यापर्यंत एक गाडी, अकोल्याहून अमरावतीपर्यंत दुसरी. सगळ्या वाटेत कस्तुरी शेजारच्या सीटवर, सीटखाली वाकून वाकून पाहत होती आणि "हिमू, हिमू" करत होती. तिला तेव्हा जेमतेम चार शब्द यायचे, त्यातला तो एक.

घरी आली त्याच दिवशी तिला ताप भरला. डावी बाजू दगडासारखी झाली होती, लालभडक, हात लावू देईना. मी डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, दूध काढत राहा, एकदम थांबवू नका. जीवन वावरातून पत्ताकोबी घेऊन आला. त्याची थंड पानं मी तिच्या छातीवर ठेवायचे, ती गरम होऊन मऊ पडायची, मग दुसरी. वाटीत काढलेलं दूध पार्बताबाई उचलून न्यायच्या आणि अंगणातल्या कढीलिंबाच्या बुडाशी ओतायच्या. पायदळी जाऊ नये म्हणून. ओतताना त्या काहीतरी पुटपुटायच्या. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं. लेकीचं नाव घेत होत्या.

महिनाभरात ती बाजू आटली. कस्तुरीनं उजवीकडून अजून वर्षभर पिलं.

तेल्हाऱ्याहून फोन यायचे. पहिले पंधरा दिवस हिमांशू आजारी होता, ताप आणि उलट्या, अकोल्याला दाखवलं. मग जेवू लागला. जयवंता व्हिडिओ कॉल करायची, तो मोबाइलच्या मागं जाऊन तिला शोधायचा. नत्थुजींनी एके दिवशी समजावून सांगितलं, "बेटा, काही दिवस व्हिडिओ कॉल नको करू. थो मंग जेवत नाही." तिनं ते ऐकलं. मग साधा फोन करायची, तोही करिश्माशीच बोलायला. वाढदिवसाचे फोटो आले. त्यात त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाची टोपी होती आणि तो केककडे न बघता दाराकडे बघत होता. जयवंता म्हणाली, दाराकडं कोणी फोटोवाला असेल.

दीड वर्षानं अकोल्याला नात्यातल्या एका लग्नात भेट झाली. जयवंतानं त्याच्यासाठी कुर्ता घेतला होता, अंदाजानं. तो आखूड झाला. हिमांशू उंच, तरतरीत, केस तेल लावून चापून बसवलेले. करिश्माच्या बोटाला धरून आला. करिश्मा पुन्हा जयवंताच्या पाया पडली आणि पोराला म्हणाली, "मामी हाय, पाया पड बेटा."

तो वाकला. पाया पडला. आणि सरळ उभा राहून करिश्माला म्हणाला, "मम्मी, मले आइस्क्रीम पाह्यजे."

"मी त्याले चारूनच आली," जयवंता मला सांगत होती. "एक नाही, दोन चारल्या. मले म्हणे, थँक्यू मामी."

"चांगलं बोलतो की," मी म्हटलं.

"लय चांगला बोलते. करिश्मानं वळण चांगलं लावलं."

कस्तुरी आता माझ्या अंगणवाडीत येते. हुशार आहे, पण वयाच्या मानानं बारकी. रांगेत ती नेहमी सगळ्यात पुढं उभी असते. तिचं वजन मी अजूनही दर महिन्याला करते, आणि काट्याकडे बघताना जयवंता माझ्याकडे बघत नाही, मीही तिच्याकडे बघत नाही.

गेल्या पंधरवड्यात ती पोरीला न्यायला आली, तेव्हा सगळी लेकरं गेलेली होती. ओट्यावर बसली. मी विचारलं, विचारायला नको होतं तरी विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर करशील?"

कस्तुरी पायरीवर चपलेचा बंद लावत बसली होती, तिला तो जमत नव्हता.

"थो वाचला, हे चांगलंच झालं ताई," ती म्हणाली. "पण कधी कधी येते मनात, थे स्टेटस मी पाह्यलंच नसतं तं बरं झालं असतं. सव्वा महिना माहेरीच राह्यली असती. डब्याच्या दुधावर त्याचं झालं असतं काही बी. असं येते मनात. आन् मंग माह्यीच मले किळस येते."



ती उठली, पोरीसमोर वाकली आणि तिच्या चपलेचा बंद लावून दिला. मेथीच्या जुड्या बांधायच्या राहिल्या आहेत म्हणाली, आणि पोरीचं बोट धरून वावराकडे गेली.